सरजाबाईनं आणलेली घागर

“घागर एकदा घासली, धुतली. मग परत का धुता?” डॉक्टरांनी विचारलं.

कस्तुराबाईनं नवऱ्याकडे पाहिलं, व्यंकटरावांनी छताकडे. लातूर नवा जिल्हा झाला, मोठा दवाखाना आला, मनाचे डॉक्टरही आले. त्याआधी व्यंकटराव बायकोला माहूरच्या देवीपुढे उभी करून आले होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

“धुतल्यावानी वाटतच न्हाई,” ती म्हणाली. “वाटतं, कायतरी राहिलं. लेकरं हे पाणी पितील अन् माझ्यापायी मरतील. खोटं हाय, कळतंय मला. पर हात थांबत न्हाई.”

“टँकरचं पाणी हाय, साहेब,” व्यंकटराव म्हणाले. “माणसं घोटासाठी भांडायलीत, अन् ही निम्मं मोरीत सोडायली.”

“कुणाचा हात लागला की धुता?”

“कुणाचाबी. ह्यांचा, लेकरांचा. माझा सवताचाबी.”

“हा आजार आहे, बाई. मंत्रचळ म्हणतात. वेड नव्हे आणि देवीचा कोपही नव्हे. गोळ्यांनी हळूहळू उतार पडेल. इतकी वर्षं कुणाला बोलला नाहीत?”

कस्तुराबाईला रडू फुटलं. व्यंकटरावांना वाटलं, आजाराच्या धास्तीनं रडते आहे. तिला आठवली होती सरजाबाई.

बौद्धवाड्यातली सरजाबाई आणि ती दुष्काळी कामावर शेजारी बसून खडी फोडायच्या. एकीच्या भाकरीवर दुसरीचा ठेचा. उन्हाळ्यात कस्तुराबाई तापानं पडली, तर सरजाबाईनं टँकरवर झोंबून तिची घागर भरली आणि डोक्यावरून दारात आणून ठेवली. कस्तुराबाई उठली, सरजाबाईच्या देखत तिनं ती घागर ओतली आणि राखेनं घासायला बसली. सरजाबाईनं चुंबळ उचलली आणि निघून गेली. गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, कस्तुरा सोवळ्याची हो! कस्तुराबाई गप्प राहिली. वेडी म्हणवून घेण्यापेक्षा सोवळी बरी, असं तेव्हा तिला वाटलं, आणि त्याचीच आता तिला लाज वाटत होती.

अहमदपूरला एसटी बदलून दोघं गावात उतरली. ती घरी न जाता थेट बौद्धवाड्यात गेली. सरजाबाई उंबऱ्यात ज्वारी पाखडत होती. कस्तुराबाईनं डॉक्टरांचं बोलणं, स्वतःचं गप्प राहणं, सगळं सांगून टाकलं.

“आसंल,” सरजाबाई म्हणाली. “दवाखान्यात गेलात, बरं केलंत. पर ओतलेली घागर बघून आमाला कुणाचा रोग आठवत न्हाई, बाई. माझी माय आठवती. लोकाच्या हिरीवर दिसभर ओंजळ धरून बसायची.”

खडी फोडतानाची ‘कस्तुरे’ आता ‘बाई’ झाली होती.

“पाणी दे की मला, सरजे.”

सरजाबाईनं आतून तांब्या भरून आणला. कस्तुराबाईनं हात पुढे केला. सरजाबाईनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि आपला हात मागे घेतला.

“घ्या.”

कायतरी राहिलं, कायतरी राहिलं, असं आत सुरू झालं होतं. तरी कस्तुराबाईनं तांब्या तोंडाला लावला आणि ती शेवटच्या घोटापर्यंत प्याली. मग राखेसाठी तिची नजर चुलीकडे गेली.

सरजाबाईनं तिच्यापुढचा तांब्या उचलला आणि न धुताच रांजणावर पालथा घातला. मग सूप ओढून ती पुन्हा ज्वारी पाखडू लागली.