थोबाडीतली भरती

वारंगा फाट्यावर दगडोबाचं कामगार पुरवायचं ऑफिस होतं. कंपन्या मागतील तशी माणसं तो भरून द्यायचा. बैल घेताना लोक दात बघतात. हा मेला माणसाचे दात हलवून बघायचा. आलेल्याच्या फाडकन थोबाडीत द्यायची आणि खाली मान घालून जो उभा राहील, तो पास.

कामाला आलेल्या भागवतनं "काहून मारलं?" म्हणत उलटी हाणली, तर दगडोबानं लाथा घालून त्याला रस्त्यावर लोळवला. त्याच्यामागं रांगेत असलेल्या सोमेश्वरच्या ओठातून थोबाडीत बसताच रक्त आलं, तरी त्यानं हूं की चूं केलं नाही.

"असं पोरगं पाह्यजे! सुपरवायझरनं सांगितल्याबिगर बोट हलवायचं न्हाई," असं बजावून दगडोबानं त्याला कुरुंद्याच्या हळद कारखान्यात लावला. मालक खूश. अशीच मुकी माणसं अजून पाठवा म्हणाला.

एका दुपारी दगडोबा मालकासमोर मिरवायला कारखान्यात गेला. ऐटीत फिरताना त्याच्या खांद्यावरचा गमछा हळद घासून पॉलिश करणाऱ्या फिरत्या ड्रमच्या पट्ट्यात अडकला. सोडवायला घातलेला हात पट्ट्यानं कोपरापर्यंत ओढून घेतला. हाड काडकन मोडलं, हळदीवर रक्त उडालं.

"बंद कर रे! बटन दाब!" तो गुरासारखा ओरडला.

बटन सोमेश्वरच्या हाताशीच होतं. त्यानं खाली मान घातली आणि अदबीनं म्हणाला, "शेठ, सुपरवायझर च्या प्यायला गेलेत. इचारून येऊ का?"