मोठा सेन्सर, छोटा सेन्सर

दुकानदाराने दोन्ही कॅमेरे संध्याकाळपर्यंत वापरून पाहायला दिले होते. "मोठा सेन्सर अंधारात स्वच्छ, छोटा चित्र झटपट वाचतो. पटेल तो ठेवा," म्हणाला. बोलायला त्याचं काय जातं! मला लग्नाच्या फोटोंसाठी एक निवडायचा होता, पण दुपारीच धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या नऊ दिवसांच्या मुलाला तासाभरात मोठ्या हॉस्पिटलात हलवणार होते आणि गाडीत तिला जागा नव्हती. जवळ ठेवायला तिला त्याचा एक फोटो हवा होता. दोन्ही कॅमेरे गळ्यात अडकवून मी धावले.

काचेच्या पेटीत बाळ निपचित पडलं होतं. गुंगीचं औषध कालच बंद केलं होतं, तरी ते कुठल्याच आवाजाला हलत नव्हतं. धाकटी पेटीच्या झडपेशी तोंड नेऊन हाका मारत होती.

"ताई, याला ऐकू येत असेल ना गं?"

डॉक्टर नुसतं "वाट पाहू" म्हणाले होते. त्या शब्दांचा मला संताप आला होता.

"पाच मिनिटं," नर्स म्हणाली. "फ्लॅश नाही. आवाज तर अजिबात नाही."

मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करून मी फोटो काढला. बाळाच्या अंगावर आडवे काळे पट्टे! आवाज बंद असला की तो सेन्सर चित्र ओळीओळीने, सावकाश वाचतो, आणि तेवढ्यात छतावरचे एलईडी दिवे आपल्याला न कळता लुकलुकतात. हे मला पक्कं माहीत होतं. घाईत विसरले, दुसरं काय.

छोटा घेतला. पट्टे गेले, पण त्या मंद उजेडात चेहऱ्यावर वाळू भुरभुरल्यासारखे ठिपके आले.

"यात त्याचा चेहराच दिसत नाही," धाकटी रडवेली झाली.

इकडे आड, तिकडे विहीर. नर्स घड्याळाकडे बघत होती. माझं डोकंच फिरलं. नियम गेला खड्ड्यात! मोठा कॅमेरा पुन्हा उचलला, पट्टे येऊ नयेत म्हणून खटका वाजवणारं खरं शटर चालू केलं, झडपेतून भिंग आत नेलं आणि बटण दाबलं.

खटॅक!

बाळाचे दोन्ही हात एकदम वर उडाले. बोटं फाकली.

"सांगितलं होतं ना तुम्हाला!" नर्स धावून आली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्याशा जिवाला मी घाबरवलं होतं. पण धाकटीने नर्सचा हात घट्ट धरला.

"सिस्टर, तो दचकला. तुम्ही पाहिलंत ना? दचकला ना तो?"

नर्स थबकली. तिने मॉनिटरवरचे आकडे पाहिले, मग बाळाकडे बराच वेळ पाहिलं.

"एकदाच," ती हळूच मला म्हणाली. "पुन्हा एकदाच वाजवा."

आता नाही हलला तर? धाकटीने डोळे गच्च मिटून घेतले होते. मी बटण दाबलं, आणि ते इवले हात पुन्हा उडाले.

"डोळे उघड, वेडे!" मी ओरडलेच. नर्सने मला गप्प केलं नाही.