बी साईडचं शेवटचं गाणं

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखी कोणी पाहिलीही नसेल. मला मात्र आता कोणीच पाहू शकत नाही, कारण भास्कररावांच्या गाडीतल्या टेपमध्ये मी अडकून बसले आहे. टेपचं तोंड चिंचोळं आणि आत काळोख. उन्हाळ्यात रायपूरचं ऊन काचेतून आत येतं आणि माझी फीत मऊ पडते. मला बाहेर काढायचं बटण कधीच निकामी झालं. आत शिरले तेव्हा बी साईड वर होती, म्हणून तेव्हापासून तीच मागेपुढे करून वाजवतात. ए साईडची गाणी पोटात तशीच पडून आहेत. एकदा पंडरी बाजारातल्या मेकॅनिकला दाखवलं, तर तो म्हणाला, "निकाल तो दूंगा साहब, पर टूट जाएगी." भास्करराव घाबरले आणि माझी जन्मठेप कायम झाली.

माझा जन्म कारखान्यातला, पण तेव्हा मी कोरी होते. आवाज दिला तो नागपूरला सीताबर्डीवरच्या गंगाधरभाऊंनी. त्यांचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. कॉलेजची मुलं कोरी कॅसेट आणि गाण्यांची फर्माईश देऊन जात आणि गंगाधरभाऊ परदेशी रेकॉर्डवरून ती भरून देत. भास्करने मला त्यांच्या हाती दिलं आणि सांगितलं, "भाऊ, दोन्ही साईड डीप पर्पलच भरा." भाऊंनी त्या विलायती रॉक बँडची गाणी तशी भरली. तरी बी साईडला थोडी फीत उरलीच. आता गंगाधरभाऊंचा एक रिवाज होता. गिऱ्हाइकाला कोरी फीत परत द्यायची नाही, लोक नावं ठेवतात. जी रेकॉर्ड हाताशी असेल तिच्यातलं एखादं गाणं ते शेवटी भरून टाकत. त्या दिवशी हाताशी लेड झेपलिन या दुसऱ्याच बँडची रेकॉर्ड होती. तिच्यातलं एक संथ गाणं त्यांनी माझ्या शेवटाला लावलं, आणि भास्करला सांगायचं मात्र विसरले.

नेमकं तेच गाणं भास्करच्या काळजात जाऊन बसलं. पर्पलचं म्हणूनच. होस्टेलवर तो मित्रांना बोलावून ऐकवायचा. माझी फीत सैल झाली की पेन्सिल घालून हलक्या हाताने गुंडाळायचा. मला धुळीचा कण लागू देत नसे. इतकं कौतुक कोणाला नको असतं? पण त्याने त्या गाण्याला "माह्या पर्पलचं गाणं" म्हटलं की माझा जीव खाली-वर व्हायचा. पुढे मोबाइल आले, त्यांत जगभरची गाणी आली, तरी भास्करराव म्हणत, "मोबाइलच्या गाण्याले अंग नसते." म्हणून त्यांनी ते कधी शोधलंच नाही.

नोकरीने ते रायपूरला आले आणि तेलीबांध्याला राहू लागले. त्याच इमारतीत अकोल्याचे शेखरराव होते. दोघांचं ऑफिस नवा रायपूरला. बसचा भरवसा नाही, म्हणून एकाच गाडीतून जायचं ठरलं. शेखरराव पहिल्या दिवशी गाडीत बसले, माझा आवाज ऐकला आणि म्हणाले, "पर्पल? अबे, झेपलिन असताना हे काहून ऐकून राहिला?"

झालं, त्या दिवशी जो वाद पेटला तो रोजचाच झाला.

"गिटार हातात घेणारा कोणताही पोट्टा पहिले काय वाजवते, सांग?" भास्करराव विचारत. "पर्पलचीच धून. याले म्हणतात प्रभाव!"

"अन् मग काय करते? ती सोडून झेपलिन शिकते," शेखरराव हसत. "शाळेत दोनचा पहाडा सगळेच शिकतात बे, म्हणून पहाडा लिहिणाऱ्याचे फोटो कोणी भिंतीवर लावते काय?"

"फोटो खपले म्हणजे मोठा? मग तर क्रिकेटवालेच सगळ्यात मोठे वादक."

"तुले हारता येत नाही, बस."

त्या रुंद, मोकळ्या रस्त्यावर दोघं अशी हुज्जत घालत की पुढचा सिग्नल कधी हिरवा झाला ते मागच्या गाडीने भोंगा वाजवल्यावर कळे. शेवटी भास्करराव आपला हुकमाचा पत्ता काढत. "थांब, आता हे ऐक. तुह्या झेपलिनने असं एक तरी गाणं केलं काय?" आणि ते मला त्या शेवटच्या गाण्यावर नेत. शेखरराव खिडकीबाहेर पाहत राहत. भास्करराव खूश. मी मात्र आत घामाघूम. झेपलिनचा एवढा भक्त, त्याला हे गाणं ओळखू येत नसेल? मग हा माणूस बोलत का नाही? मला तोंड असून मनातलं एक अक्षर सांगता येत नव्हतं. आपल्याच पोटात आपल्याच माणसाची फजिती साठवून रोज त्याच्यासाठी गायचं, याहून वाईट कोंडवाडा मला माहीत नाही.

उत्तर मिळालं ते स्वरदामुळे. ती भास्कररावांची मुलगी. एकदा कॉलेजला जायला ती मागच्या सीटवर बसली होती. भास्करराव टायरमध्ये हवा भरायला उतरले आणि मी नेमकी शेवटच्या गाण्यावर होते. तिने सहज गाणं ओळखणारं ॲप उघडून मोबाइल पुढे धरला. मोबाइलने गाणं ऐकलं आणि पडद्यावर नाव दाखवलं.

"काका, ये तो लेड झेपलिन है!" ती ओरडलीच.

"हळू बोल, बेटा," शेखरराव म्हणाले. "मले पहिल्याच दिवशी समजलं होतं."

"फिर आपने बताया क्यों नहीं?"

"तुह्या बाबाचं सगळ्यात लाडकं गाणं आहे ते. सांगितलं तर तो ते पुन्हा लावणारच नाही. अन् माह्याशी भांडणार कोण? तू बी सांगू नको."

"हव," ती मान डोलावत म्हणाली. मला रडू आलं, पण कॅसेटला रडायची सोय कुठे असते?

मग शेखररावांच्या निवृत्तीचा दिवस उजाडला. ते अकोल्याला परत जाणार होते. निरोपाचा चहा-समोसा झाल्यावर ऑफिसची तरुण मंडळी पार्किंगमध्ये भास्कररावांच्या गाडीभोवती जमली. या दोघांचं भांडण सगळ्या मजल्यांवर प्रसिद्ध होतं. यशदीप नावाचा नवा मुलगा म्हणाला, "सर, जाते जाते फैसला हो जाए! कौन बड़ा?"

भास्कररावांना तेच हवं होतं. त्यांनी गाडीची चारही दारं उघडली. "एकच गाणं लावतो. ऐका, अन् तुम्हीच सांगा पर्पल मोठा की झेपलिन."

यशदीपने खिशातून मोबाइल काढला. "नाम भी देख लेते हैं, बाद में डाउनलोड करूंगा."

मित्रांनो, पुढचं सगळं मला दिसलं. आता मी वाजणार, मोबाइल नाव सांगणार आणि सगळं ऑफिस खो-खो हसणार. आयुष्यभर ज्या गाण्याच्या जोरावर हा माणूस भांडला, ते त्याच्या विरोधातच निघणार, तेही मित्र निघून जायच्या दिवशी. आणि हे सगळं माझ्या तोंडून! मी पळून जाऊ शकत नव्हते, थांबूही शकत नव्हते.

शेखरराव घाईने येऊन पुढच्या सीटवर बसले. "भास्कर, लावू नको. मी हारलो. पर्पल मोठा. झालं?"

"असा फुकटात नको हारू बे! ऐकून हार," भास्कररावांनी हसत मला सुरू केलं.

पहिले सूर निघाले. यशदीपने मोबाइल वर धरला. त्याच क्षणी शेखररावांनी अंगठा रोवून ते निकामी बटण जोराने दाबलं. टेपमधला दांडा अर्धवट उचलला गेला, माझी फीत रबरी चाकाभोवती गुंडाळली, चुरगळली आणि खर्रकन तुटली. गाणं तिथेच मेलं.

"काय केलं बे हे?" भास्करराव ओरडले. "कॉलेजपासूनची कॅसेट होती माही!"

शेखररावांनी मान खाली घातली. सगळ्यांसमोर म्हणाले, "हारणं सहन नाही झालं, भास्कर."

ते गाणं त्यांचंही सर्वांत आवडतं होतं, हे रोज ते खिडकीबाहेर पाहत ऐकायचे त्यावरून मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी शेखरराव अकोल्याला गेले, तेव्हा भास्करराव त्यांना सोडायला स्टेशनवर गेले नाहीत.

मी अजून टेपमध्येच आहे. आता बी साईडही गेली, त्यामुळे पूर्ण मुकी. भास्करराव एकटेच ऑफिसला जातात. बरेच दिवस त्यांनी अबोला धरला. मग एका सकाळी तेलीबांध्याच्या तलावाजवळ गाडी उभी करून त्यांनी स्पीकरवर फोन लावला आणि पहिलंच वाक्य टाकलं, "पर्पलले घाबरला म्हणून माही कॅसेट तोडली ना तू?"

"हो बे, घाबरलोच होतो," पलीकडून शेखरराव म्हणाले. "पण झेपलिन तरी मोठाच."

तेव्हापासून पुन्हा रोज भांडण सुरू आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची बटणं जोराने दाबू नका, असं सांगायचा हक्क माझ्याइतका कोणालाच नाही. कॅसेट उन्हात ठेवू नका, फीत पेन्सिलीने हळू गुंडाळा, हेही सांगते. पण एक विनवणी त्याहून मोठी आहे. मित्राची चूक तुम्हाला दिसली, तर ती चारचौघांत उघडी पाडायच्या आधी थोडं थांबा. शेखररावांनी माझा आवाज घेतला, तरी मी त्यांच्यावर रागावू शकत नाही. भास्करराव मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी रिकामी डबी दाखवून सांगतात, "हे त्या शेखरचं काम." आणि मी आत गप्प बसते.