शय्यादानाची गादी

शिरपूरच्या ताईबाईंचं पत्र आलं, तेव्हा मी ते वाचून पुस्तकात ठेवून दिलं. उत्तर लिहायला बसायचो आणि पहिल्याच शब्दावर खोडायचो. आयुष्यभर ग्रंथपाल होतो; दुसऱ्यांची वाक्यं जपली, स्वतःच्या वाक्यावर कधी भरवसा बसला नाही.

पत्र धुळ्याच्या हाशमभाईंच्या गादीच्या दुकानाच्या पत्त्यावर आलं होतं. दुपारी मी तिथे वाचत बसतो, म्हणून ते माझ्या हातात पडलं. ताईबाईंनी लिहिलं होतं:

‘नवऱ्याच्या तेराव्याला शय्यादानासाठी तुमच्याकडून गादी नेली. काल मोबाइलवर तुमचा मेसेज आला: “नव्या गादीवर पाठ टेकताच शीण उतरतो ना? घरात आणखी कोणासाठी हवी असेल तर सूट.” आणखी कोणासाठी, हे तुम्हीच सांगा.’

शिणाचं वाक्य माझं होतं, दुकानासाठी लिहून दिलेलं. सूट देण्याचं शेहजादचं. हाशमभाईंचा हा मुलगा जळगावला धंद्याचा कोर्स करून आला होता. आलेला ग्राहक सोडायचा नाही, एवढं तो तिथून शिकला होता.

दिवाळीच्या आधी तो माझ्याकडे मोबाइल घेऊन आला. “नाना, तसंच एक झकास वाक्य द्या. बठ्ठ्या नंबरांवर टाकतो, एकही सोडत नाही.”

“ताईबाईंनाही?”

“कोण ताईबाई?”

मी पत्र काढून दिलं. त्यानं वाचलं, थोडा वरमला, मग म्हणाला, “चुकून गेला असेल. त्यांना वीस टक्के देऊ. ग्राहक खूश झाला पाहिजे.”

“घरात आणखी कोणी मरायची वाट बघायची का त्यांनी? सूट मिळावी म्हणून?”

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. कापूस भरणारे हाशमभाई सुई टाकून उठले.

“हाई काय शे? चहात माशी पडली तरी न बोलणारा माणूस आज ओरडतोय!”

त्यांनी पत्र वाचलं आणि चेहरा उतरला. शय्यादानाची गादी नेणाऱ्याला हाशमभाई कधी ‘पुन्हा या’ म्हणत नाहीत. गादी बांधून देतात, दारापर्यंत जातात, गप्प राहतात. त्यांच्या वडिलांचीही हीच रीत होती.

“अब्बा, मला काय माहीत ती कशासाठी होती? मी नंबर घेतला फक्त.”

“नंबर घेतलास, पण विचारलं नाहीस?” हाशमभाई कडाडले. “गादी कोणासाठी, हे विचारल्याशिवाय मी कापूसही तोलत नाही. आणि तू कोर्स करून आलास!”

“विचारायला वेळ लागतो.”

“मग लागू दे! वेळ नसेल तर मेसेजही पाठवू नकोस!”

शेहजादनं रागारागानं मोबाइल गल्ल्यात टाकला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “आता काय करायचं, नाना?”

“ह्या घरचा नंबर यादीतून काढून टाक. आजपासून आधी विचार, मग लिही.”

तिथेच बसून मी ताईबाईंना उत्तर लिहिलं. सूट नाही, शोभेचं वाक्य नाही. ‘तो मजकूर मी लिहिला. कोणाच्या हाती पडेल, याचा विचार केला नाही. तुमचा राग रास्त आहे. आता या दुकानातून तुम्हाला मेसेज येणार नाही.’ खाली माझं नाव घातलं. शेहजादनं कोणी न सांगता स्वतःचं नाव जोडलं.

राग अजून उतरला नव्हता, म्हणूनच पुन्हा वाचून खोडायच्या आत पोस्टापर्यंत गेलो आणि पाकीट पेटीत टाकलं.