मैलाचा मीटर

नेव्हिलची खोड लहानपणापासूनची. करायचं ते करून मोकळं व्हायचं आणि मग तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं. म्हाताऱ्या कुत्र्याला त्यानं गोळी घातली, ते आईला, व्हर्नाला, कळलं रिकामी साखळी दिसल्यावर. व्हर्ना म्हणायची, "ह्याच्या पोटातून गोष्ट काढणं म्हणजे वळूचं दूध काढणं."

त्यांच्या जुन्या पिकअपचा डिझेलचा काटा कित्येक वर्षांपूर्वीच मेला होता. टाकी भरली की वेगाच्या मीटरमधला, अंतर मोजणारा लहान आकडा शून्यावर आणायचा आणि साडेतीनशे किलोमीटर व्हायच्या आत घर गाठायचं, ही घरची रीत. व्हर्नाच्या नवऱ्याची, क्लॅरीची, नजर अधू झाली होती, पण तो आकडा तो काचेला नाक लावून वाचायचा. पाद्र्यावर नव्हता एवढा त्याचा त्या आकड्यावर विश्वास.

नाताळाच्या आठवड्यात तो मीटर अडकला. नेव्हिलनं भंगारातल्या त्याहून जुन्या गाडीचा काढून बसवला. सांगितलं कुणाला? कुणालाच नाही.

त्या मुलखात नाताळ म्हणजे भर उन्हाळा; मग होरपळ सुरू झाली. क्लॅरी पवनचक्क्यांनी भरणाऱ्या गुरांच्या पाण्याच्या टाक्या बघायला निघाला. दारातूनच ओरडला, "एकशेवीसच झालेत गं! दोनशेची फेरी, आरामात येतो."

रात्री आला नाही.

"डिझेल भरपूर आहे," नेव्हिल म्हणाला. "शेजारच्यांकडे पत्ते कुटत बसला असेल."

व्हर्नाचा हिशेबही तोच होता. नवऱ्याला पत्त्यांच्या डावावरून हाका मारून बोलावणं तिच्या शानेत बसत नव्हतं. दुसरा दिवस तिनं त्याला शिव्या देण्यात घालवला. संध्याकाळी तिनं मटण वाढलं. नेव्हिल मान खाली घालून जेवला.

तिसऱ्या सकाळी मात्र तिनं दुसऱ्या गाडीची किल्ली उचलली. "चल."

पिकअप फेरीच्या परतीच्या वाटेवर उभी होती. गाडी सोडून चालायचं नाही, हा त्या ओसाड मुलखातला कायदा क्लॅरीनं पाळला होता. गाडीखालच्या सावलीत तो हॅट छातीवर धरून पडला होता. पाण्याचा डबा रिकामा. रेडिएटरमधलं पाणीही त्यानं उपसून प्यायलं होतं. ओठांवर गंजाची तांबूस कड वाळली होती.

व्हर्ना त्याच्याजवळ बसली. त्याच्या पापण्यांवरच्या माश्या तिनं हाकलल्या. मग उठून तिनं गाडीचं दार उघडलं.

लहान आकडा दोनशे सतरा. साडेतीनशेला अजून केवढी तरी वाट. तिनं वरची काच पुसली. जुन्या मीटरवर वेगाचा शेवटचा आकडा एकशेसाठ होता. ह्याच्यावर शंभर.

व्हर्नाची शाळा चौथीतच सुटली होती. पण ती सुटली तेव्हा देश मैलांत मोजत होता.

"हा मैलाचा आहे," ती म्हणाली.

नेव्हिल काचेत डोकावायलाही पुढे आला नाही.

"तुला कधी कळलं?"

"बसवताना बघितलंच नाही, आई. देवाशपथ."

"मी विचारलं, कधी कळलं."

"काल दुपारी. एकदम आठवलं, भंगारातली ती गाडी मैलाच्या काळातली होती म्हणून."

"काल दुपारी. आणि संध्याकाळी माझ्या हातचं मटण खाल्लंस."

"वाटलं, येईलच तो. आणि सांगितलं असतं तर तू... तुझी जीभ... तू मला फाडून खाल्लं असतंस."

व्हर्नानं क्लॅरीची हॅट उचलली, झटकली आणि त्याच्या तोंडावर ठेवली. गाडीच्या मागून फावडं काढून तिनं मुलाच्या हातात दिलं.

"मीटर चुकला, ते मी माफ केलं असतं. तुझ्या बापानं तर हसण्यावारी नेलं असतं. पण माझ्या जिभेनं आजवर कुणी मेलेलं नाही, नेव्हिल. तुझ्या मुकेपणानं मेलंय. त्याला घरामागे पुरायचं, खड्डा तू एकट्यानं खणायचास. आणि माती लोटून झाली की माझ्या दारात परत पाऊल टाकायचं नाही."