ओवीचं बारसं

"आवं वहिनी, सांगा की कानात! बाळ खोळंबलंय," पप्पू ओरडला, तशी सगळी कचेरी हसली. बाळ म्हणजे टेबलावरचा संगणक. त्याला चक्क झेंडूचा हार घातला होता. सांगलीतल्या या एवढ्याशा कंपनीने शाळांसाठी मराठी ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली होती आणि आज तिचं बारसं होतं. लोगो काढणार म्हणून उत्कर्षाला आत्या केलं होतं. नाव सुचवलं होतं तिच्या नवऱ्याने, इंद्रजितने. तो तिथलाच प्रोग्रामर. सगळ्यांनी पसंत केलेलं नाव तिच्यापासून मात्र गुपित ठेवलं होतं.

तिने चिठ्ठी उघडली. 'ओवी'.

ती वाकली आणि तिने त्या यंत्राच्या कानात नाव सांगितलं. कुर्रर्र करत पोरींनी तिच्या पाठीत धपाटे घातले. ती हसलीसुद्धा. माणूस कशाकशाला हसतो!

सातव्या महिन्यात पोटातच गेलेल्या लेकीसाठी दोघांनी हे नाव धरलं होतं. तिसऱ्या कुणाला ते ठाऊक नव्हतं. गावी, आटपाडीला, नावाचा विषय नुसता निघताच सासूबाई म्हणाल्या होत्या, "बारसं न झालेल्याला नाव कसलं, बाय?" त्यानंतर इंद्रजितनेही ते कधी उच्चारलं नाही. तो विसरला, असं ती धरून चालली होती आणि मनातून त्याच्यावर धुमसत होती.

सगळे जेवायला गेल्यावर ती त्याच्यासमोर उभी राहिली. "आपल्यापाशी तिचं तेवढंच हुतं. तेबी वाटून टाकलंस?"

"घरात कोण तिचं नाव घेत न्हाई," तो म्हणाला. "म्हटलं, शाळंतली पोरं तरी घेतील."

"मला इचारायचं न्हाईस?"

"न्हाई म्हणाली असतीस. आन् मला ते कानांनी ऐकायचं हुतं गं, एकदा तरी." बोलता बोलता तो रडू लागला. तीही रडली. लेक गेल्यापासून दोघं पहिल्यांदाच एकमेकांसमोर रडत होती.

संध्याकाळपर्यंत तिने अक्षरं काढली, गोल, कुठेही टोक नसलेली. त्याने ती बसवून संगणक सुरू केला. काळ्या पडद्यावर ओवी उमटली आणि नीट पाहीपर्यंत नाहीशी झाली.

"एवढंच दिसतं?"

"सुरू हुईस्तवर. येग मीच वाढवलाय, लय खपून."

"जरा थांबवता येईल तिला?"

"येईल की. पर पोरं कुरकुरतील, लय हळू चालतंय म्हणून."

"कुरकुरू देत."

इंद्रजितने खुर्ची पुढे ओढली आणि स्वतःच वाढवलेला वेग कमी करायला बसला.