शंभर फेऱ्या आणि एकही डाव नाही

मित्रांनो, मी कोण ते आधी सांगतो, रागाचे कारण मग. पिंपळे सौदागरच्या मैदानात पवना नदीच्या बाजूला कमरेच्या वर येणारा एक जुना खांब रोवलेला आहे, तो मी. खो-खोचा खांब. समोरच्या टोकाला माझा जोडीदार उभा आहे, पण तो जन्माचा अबोल. म्हणून बोलणे माझ्या वाट्याला आले.

दत्तोबा सुतारांनी १९५४ साली मला घडवले. कुणाच्या तरी घराच्या छपरातून उरलेला सागाचा वासा होतो मी. दत्तोबांनी दिवसभर रंधा मारला आणि शेवटी स्वतःचा गाल माझ्या अंगावर घासून पाहिला. कुठे कुसळ राहता कामा नये, कारण मला धरणारे तळवे आठ-नऊ वर्षांचे असणार होते. मुलांची एवढी काळजी पुढे फार थोड्यांनी केली.

पहिले वर्ष नुसते धिंगाण्याचे गेले. गावातल्या शेतकऱ्यांची मुले आणि पिंपरीच्या कारखान्यात कामाला आलेल्या लोकांची मुले संध्याकाळी एकत्र जमत. शिकवणारे कुणी नव्हते. त्या वर्षाचे मी नसते कौतुक करणार नाही. चपळ चार जणच रोज जिंकत, बाकीचे पहिल्याच झटक्याला बाद होऊन कडेला माती चिवडत बसत. एकदा भैरू नावाचा पोरगा पळता पळता थेट माझ्यावर आदळला आणि त्याचे दोन दात पडले. ते दुधाचे नव्हते.

तेव्हा गावचे पुढारी दौलतराव पुढे झाले आणि तालीम चालवणाऱ्या सोपानराव पैलवानांना म्हणाले की पोरांना जरा वळण लावा. पैलवानांनी आठवड्यात भैरूला मला वळसा घालायला शिकवले. गुडघे वाकवायचे, मला एका हाताने घट्ट धरायचे आणि अंग बाहेर झोकून द्यायचे. भैरू पुन्हा कधी आदळला नाही. विद्या खरी होती हो त्यांची.

पण त्याच सुमारास रंभा यायला लागली. तिची आई विमलबाई बीडकडची, वडील कारखान्यात. आठ वर्षांची ती पोर पळताना हसायची. कुणी पाठीस लागले की तिला हसू आवरत नसे, आणि हसत हसतच ती अशी काही हुलकावणी द्यायची की मोठी मुलेही तोंडावर पडत. माझ्याभोवती वळताना ती मला एक चापट मारायची. मला ती चापट फार आवडायची.

दिवाळीनंतर दौलतरावांनी जाहीर केले की चैत्रातल्या जत्रेत निघोज्याच्या मुलांशी सामना आहे आणि गावाची अब्रू राखायची आहे. झाले, पैलवानांच्या अंगात तालीम संचारली. तालमीत नवे पोर आधी वर्षभर माती उकरते, दंड-बैठका मारते, मग त्याला कुस्ती मिळते. तोच कायदा त्यांनी खो-खोला लावला. जत्रेपर्यंत डाव बंद. प्रत्येकाने माझ्याभोवती शंभर फेऱ्या मारायच्या, मग चौकोनात पाठ ताठ ठेवून बसून राहायचे. हलला की वीस बैठका, हसला की चाळीस.

अरे, कुस्तीतला गडी मिसरूड फुटलेला असतो. ही तर चिमुरडी पोरे! ती खेळायला आली होती, आणि खेळच त्यांना मिळत नव्हता. दोन महिने माझ्याभोवती नुसते घाण्याचे बैल फिरावेत तशी मुले फिरली. मला पाय असते तर मी त्या मैदानातून उठून गेलो असतो.

एके दिवशी साठाव्या फेरीला रंभाला हसू फुटले. पैलवानांनी तिला एका हाताने मला धरून अर्धे वाकून उभे राहायला सांगितले, दिवस मावळेपर्यंत. तिचा तळवा घामाने भिजला, मग थरथरू लागला. तो थरथराट माझ्या अंगात अजून आहे. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मग एकेक करून इतरही गळाले आणि माघात उरली फक्त आठ मुले. खो-खोला नऊ लागतात.

पैलवान म्हणू लागले की हल्लीची पोरे नाजूक. शेवटी विमलबाईच मैदानात आल्या. आवाज चढवला नाही त्यांनी.

"पैलवान, माझी लेक आता पळतच नाही," त्या म्हणाल्या. "पाणी आणायला धाडलं तरी म्हातारीवाणी चालत जाती."

"चुकलं ताई," पैलवान म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव मांडला. ज्याच्यावर राज्य, त्याला चुकवायचे असेल तर माझ्यावरचा हात न सोडता मला वळसा घालून निसटायचे, असा नियम. मुलांनी संध्याकाळभरात शंभराहून जास्त वळसे घातले आणि कुणी मोजले नाहीत. ज्याचा पाय घसरे त्याला पैलवान तेवढ्यापुरते बाजूला घेत, गुडघा कसा वाकवायचा ते दाखवत आणि पुन्हा डावात सोडत. आठाची वीस मुले झाली. जत्रेत आम्ही एका गड्याने हरलो, तरी दुसऱ्या दिवशी सगळी मैदानात हजर.

सगळी म्हणजे, रंभा सोडून. वैशाखात ती धाकट्या भावाला पोचवायला आली. पैलवान स्वतः उठून तिच्यासमोर उकिडवे बसले, एवढा मोठा माणूस.

"ये की गं पोरी. आता कुणी रागवायचं न्हाई."

रंभाने माझ्याकडे पाहिले. "नको," ती म्हणाली. "मला पळायचा कंटाळा येतो."

भावाचा हात सोडून ती घराकडे गेली, सावकाश, एक एक पाऊल टाकत.

मित्रांनो, जत्रेतली हार मी तेव्हाच विसरलो. ही विसरलेलो नाही. मुलांना शिकवणाऱ्या थोर मंडळींनो, वळसा जरूर शिकवा, चूक झाली तर जरूर थांबवा, त्यावाचून दात पडतात. पण रोज डावही द्या, आणि हसणाऱ्या पोराला शिक्षा करू नका. आठ वर्षांच्या मुलीला पळायचा कंटाळा आला, तर त्याचा जाब तिला नाही, तुम्हाला द्यावा लागेल.